भाड्याच्या घरातला टब काढताना

प्रश्न : आमचा एक फ्लॅट आम्ही भाड्याने देतो. त्यातल्या एकुलत्या एका बाथरूममध्ये तीन भिंतींच्या खोबणीत बसवलेला टब आहे. आजवरच्या सगळ्या भाडेकरूंनी त्या टबात उभं राहून शॉवरच घेतला. टब भरून अंघोळ केल्याचं कुणाकडून ऐकलं नाही. टबाच्या कडेला काळी बुरशी धरते, पडद्याबाहेर पाणी उडतं आणि नव्या भाडेकरूची पहिली तक्रार या टबाचीच असते. सध्याचे भाडेकरू लवकरच घर सोडणार आहेत. मधल्या काळात टब काढून तिथे चालत आत जाता येईल असा काचेचा शॉवर करून घ्यावा असं मनात आहे. कंत्राटदार म्हणतो, "टब उचलायचा, टाइल लावायच्या, काच बसवायची, चार दिवसांत मोकळे." खरंच एवढंच काम आहे का? आणि भाड्याच्या घरात हा खर्च करावा का? (नाव प्रसिद्ध करू नये.)

उत्तर : चार दिवसांत टब निघेल, टाइलही लागतील आणि बाथरूम फोटोत छान दिसेल. पण कंत्राटदाराने जी कामं मोजली त्यांत एक काम आलेलंच नाही, आणि सगळा भार त्याच कामावर आहे. टब हे पाणी धरून ठेवणारं अखंड भांडं असतं. त्यातलं पाणी त्याच्या तोंडातूनच बाहेर जातं. खालच्या जमिनीला आणि टबाच्या आड गेलेल्या भिंतीला ते सहसा लागत नाही. म्हणून टबाखालचं वॉटरप्रूफिंग बऱ्याच ठिकाणी कच्चं असतं, कधी कधी नसतंच. टब उचलला की त्याचं काम त्या जमिनीने आणि तीन भिंतींनी करायचं असतं. त्यांना ते झेपेल अशी तयारी करणं हे खरं काम. टाइल आणि काच त्यानंतर.

गळती शोधणं हे माझं अनेक वर्षांचं काम, म्हणून भाड्याच्या घराबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला फुगलेली चौकट किंवा पायाखाली पोकळ वाजणारी टाइल लगेच खुपते. भाड्याच्या घरात जो रोज अंघोळ करतो त्याच्या खिशातून दुरुस्तीचे पैसे जात नाहीत, आणि ज्याच्या खिशातून जातात तो महिनोन्‌महिने त्या बाथरूममध्ये पाऊल टाकत नाही. तोवर ओल खालच्या घराच्या छतात उतरलेली असते. यात कुणाचा हलगर्जीपणा असतोच असं नाही. पण त्यामुळे अशा घरातल्या शॉवरचा प्रत्येक निर्णय मी दोनच प्रश्नांवर घासून बघते : इथे काही बिघडलं तर ते लगेच दिसेल का? आणि फोडाफोड न करता दुरुस्त होईल का? पुढे जे सांगते आहे ते सगळं याच दोन प्रश्नांतून आलेलं आहे.

आधी खर्चाचं. माझ्या मते करावा. टबाची कड जमिनीपासून साधारण ३५० ते ५०० मिलिमीटर उंच असते. ओल्या, साबणाच्या पायांनी ती ओलांडताना तोल जाणं फार सोपं असतं. तो धोका कायमचा जातो. साफसफाई सोपी होते आणि रोजची कटकट संपते. फक्त एका बाबतीत मी थांबून विचार करायला सांगेन : तुमच्याकडे नेहमी तान्ह्या मुलांची कुटुंबंच राहायला येत असतील तर घरातला एकमेव टब काढताना त्यांची सोय बघावी लागते. तरी लांब नळीचा हँड शॉवर आणि बाळाचा सुटा टब ठेवायला सपाट, कोरडी जागा मिळाली की बहुतेक आईबापांचं भागतं. तुमच्या घरात आजवर कुणी टब भरलेलाच नाही, तेव्हा तुमच्यापुरता हा प्रश्न मिटला आहे.

हातोडा उचलण्याआधी दोन कामं करा. इमारतीच्या व्यवस्थापनाची लेखी परवानगी घ्या, कारण तुमचा निचरा शेवटी सगळ्यांच्या सामायिक उभ्या पाइपात जातो. आणि खालच्या घरी जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघा, त्यांच्यासमोर त्याचे फोटो काढा. तिथे आधीच ओलीचा डाग असेल तर तो आज नोंदला जातो. पुढे तुमच्या नव्या कामाच्या माथी येत नाही. डाग नसेल तर तेही दोघांना माहीत राहतं. खालच्या घराशी या भेटीत जो मोकळेपणा येतो तो पुढे फार उपयोगी पडतो, असा माझा अनुभव आहे.

टब कशाचा आहे तेही बघून ठेवा. ॲक्रिलिकचा असेल तर दोन माणसं सहज उचलतात. जुना बिडाचा असेल तर तो शंभर किलोच्या वर भरतो आणि बहुधा जागेवरच घणाने फोडावा लागतो. त्यावरच्या इनॅमलच्या कपच्या काचेसारख्या उडतात, म्हणून डोळ्यांना गॉगल आणि हातात जाड मोजे हवेतच. इमारत बरीच जुनी असेल तर टबामागच्या बोर्डात, जुन्या विनाइल फरशीत किंवा तिच्या चिकटवणीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. शंका आली की नमुना तपासून घेतल्याशिवाय काहीही फोडू देऊ नका. त्याची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

आता निचरा. टब निघाल्यावर खाली जो पाइप दिसेल तो बऱ्याचदा ४० मिलिमीटरचा असतो. टबाला तो पुरतो, कारण पाणी जायला थोडा वेळ लागला तरी टब ते धरून बसतो. शॉवरला ती सवड नसते. मिनिटाला ९-१० लिटर पाणी येत असेल तर तेवढं पाणी, केस आणि साबणाचा चिकटा सांभाळत, त्याच मिनिटात गेलं पाहिजे. वरून पावसासारखा पडणारा मोठा शॉवर लावलात तर हाच आकडा १५-२० लिटरवर जातो. म्हणून मी ५० मिलिमीटरच्या खाली कधी जाऊ देत नाही, आणि जागा असेल तर ७५ मिलिमीटरचा घ्यायला सांगते. ट्रॅपमध्ये, म्हणजे निचऱ्याच्या ज्या वळणात थोडं पाणी कायम साठून राहतं तिथे, ५० मिलिमीटर पाण्याची सील राहिली पाहिजे, नाहीतर पाइपातला वास घरात येतो. ट्रॅप आणि ढाळ धरून या सगळ्याला जमिनीखाली खोली लागते, आणि इथेच बऱ्याच जणांचं गणित अडतं. बाथरूमचा स्लॅब खोलगट घेतलेला असेल तर जुना भराव काढून पाइप खाली नेता येतो. स्लॅब सपाट असेल तर पाइप त्याच्या वरच बसवावा लागतो आणि शॉवरची जमीन तेवढी उचलली जाते. अशा वेळी कमी उंचीचा तयार शॉवर ट्रे आणि त्याच्यासोबत मिळणारा उथळ ट्रॅप हा प्रामाणिक मार्ग आहे. कंत्राटदार 'थोडा स्लॅब कापतो' म्हणाला तर त्याला थांबवा. स्लॅबमधल्या सळ्या कापणं किंवा लाकडी तुळयांना खाच मारणं हे पूर्ण इमारतीशी खेळणं आहे.

टबाच्या ओव्हरफ्लोची नळी आणि जुन्या ट्रॅपचं तोंड राहून जातं. नवा निचरा दुसरीकडे घेतलात तर जुनं तोंड नीट बंद करून घ्या. टाइलखाली उघडं राहिलेलं तोंड पुढे वासाचं आणि झुरळांचं घर होतं. नव्या ट्रॅपची जाळी मात्र हाताने उचलता येणारी आणि आतला गाळ वरूनच काढता येणारा हवा. भाडेकरूने जाळी उचलली, केस काढले, झालं, इतकं ते सोपं असलं पाहिजे. देखण्या, टाइलने झाकलेल्या जाळ्यांमध्येही असे प्रकार मिळतात, पण विकत घेण्याआधी दुकानातच ती उचलून बघा.

वॉटरप्रूफिंगच्या वेळी मात्र तुम्ही स्वतः समोर उभं राहावं असं मी म्हणेन. आधी जुना भराव आणि सुटं प्लास्टर पूर्ण काढून जागा स्वच्छ धुतलेली हवी. भेगा भरलेल्या हव्यात. पाइप जिथे स्लॅबमधून किंवा भिंतीतून जातो तिथली पोकळी न आकसणाऱ्या ग्राउटने, म्हणजे फटी आणि सांधे भरायच्या मसाल्याने, भरलेली हवी, कारण मी शोधलेल्या गळत्यांपैकी पुष्कळ या पाइपाच्या गळ्याशीच सापडल्या आहेत. जमीन आणि भिंत जिथे मिळतात तो काटकोन सिमेंटने गोलसर करून घ्यायचा. गवंडी त्याला गोळा मारणं म्हणतात. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचा लेप. पहिला हात वाळल्यावर दुसरा हात आडवा फिरवायचा, आणि कोपऱ्यांत व पाइपाभोवती लेपाच्या आत जाळीची पट्टी बसवायची. शॉवरच्या तीन भिंतींवर हा लेप डोक्याच्या वर, म्हणजे १८०० ते २१०० मिलिमीटरपर्यंत चढला पाहिजे. बाकीच्या भिंतींवर ३०० मिलिमीटर पुरतो. लेपाखालच्या जमिनीलाच ढाळ दिलेला असावा, फक्त वरच्या टाइलला देऊन भागत नाही. टाइलच्या सांध्यांतून थोडं पाणी झिरपतंच, आणि खाली ढाळ नसेल तर ते तिथेच साचून कुजतं. एपॉक्सी ग्राउट वापरा, ते डाग धरत नाही आणि पाणीही फारसं पीत नाही. पण त्याच्या भरवशावर खालचा लेप वगळायला कुणी सांगितलं तर ऐकू नका.

लेप पूर्ण वाळला की टाइल लावण्याआधी पाणी भरून चाचणी. निचऱ्याचं तोंड बंद करायचं, उघड्या बाजूला विटांचा तात्पुरता बांध घालायचा, ५० मिलिमीटर पाणी भरायचं आणि भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करायची. किमान २४ तास, जमलं तर ४८ तास ते तसंच ठेवा. खूण बघा, खालच्या घरी जाऊन छत बघा. पाणी जरासं उडून जाईल, पण पातळी ठळक उतरली तर कुठेतरी वाट आहे. कंत्राटदाराला ही चाचणी नको असते, कारण तेवढा वेळ त्याचे कारागीर बसून राहतात. म्हणून करार करतानाच लिहून घ्या की एक मोठा हप्ता ही चाचणी तुमच्यासमोर पास झाल्यावरच मिळेल. टाइल लागल्यानंतर दुसऱ्यांदा हीच चाचणी घेतलीत तर मला आनंदच होईल.

भिंतींच्या टाइलचा प्रश्न कंत्राटदाराने तुमच्यापाशी काढला नसावा. टबाच्या खोबणीत टाइल टबाच्या कडेपासून वर लावलेल्या असतात. टब निघाला की खालचा पट्टा उघडा पडतो. जुन्या टाइलशी जुळणाऱ्या टाइल मिळणं कठीण. काही जण तेवढ्या पट्ट्यात वेगळ्या रंगाच्या टाइल लावून देतात. दिसायला ते वाईट नसतं, पण वरच्या जुन्या टाइलमागे लेप आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नसतं, आणि आता रोजचं पाणी तिथेच पडणार. मी तिन्ही भिंती सोलून नव्याने करायला सांगेन. टाइलऐवजी जलरोधक पॅनेल लावलीत तरी चालेल. सांधे कमी, काम लवकर, आणि एखादं पॅनेल खराब झालं तर तेवढंच बदलता येतं. भाड्याच्या घरासाठी मला ती आवडतात. भिंती उघड्या आहेत तोवर आधाराच्या दांड्यांसाठी आतून भक्कम पाठिंबा बसवून घ्या, दांड्या आज लावायच्या नसल्या तरी. पुढे एखादे वयस्कर भाडेकरू आले तर टाइल फोडावी लागणार नाही. आणि भिंती बंद करण्याआधी प्रत्येक पाइपाजवळ मोजपट्टी धरून फोटो काढून ठेवा.

जमिनीला चकचकीत टाइल नको. अनवाणी, ओल्या पायासाठी जर्मन मानकात ए, बी, सी अशा तीन पायऱ्या आहेत. शॉवरसाठी मधली, म्हणजे 'बी' गटाची टाइल मागा. पुष्कळ टाइलच्या खोक्यांवर आर-९, आर-१० असे आकडे असतात, पण ती चाचणी बूट घालून, तेलकट उतारावर घेतात. अनवाणी पायाला तो आकडा थेट लागू पडत नाही. छोट्या टाइल पायाला चांगल्या, कारण सांधे जास्त म्हणजे पकड जास्त, आणि चारी बाजूंनी जाळीकडे जाणारा ढाळ त्यांना सहज जमतो. मोठ्या टाइल हव्या असतील तर भिंतीलगत लांब पट्टीची जाळी घेऊन एकाच बाजूला ढाळ द्यावा लागतो. ढाळ मीटरला २० मिलिमीटरच्या आसपास ठेवा. कमी दिलात तर पाणी साचतं, फार दिलात तर उभं राहताना घोट्यावर ताण येतो.

अजिबात उंबरा नसलेला सपाट शॉवर दिसायला देखणा आणि चाकाच्या खुर्चीलाही सोयीचा, यात वाद नाही. पण मग वॉटरप्रूफिंग संपूर्ण बाथरूमच्या जमिनीला, अगदी दारापर्यंत करावं लागतं. तेवढी तयारी असेल तर जरूर करा. फक्त टबाच्या जागेपुरतंच काम करायचं असेल तर ५० मिलिमीटरचा बुटका उंबरा ठेवा आणि त्याच्या माथ्याला आतल्या बाजूला किंचित ढाळ द्या.

टबाची जागा बहुधा १५०० बाय ७५० मिलिमीटरच्या जवळपास असते. तिथे ९०० मिलिमीटरची एक स्थिर काच आणि ६०० मिलिमीटरची मोकळी वाट, एवढंच पुरे. शॉवर काचेच्या बाजूच्या भिंतीवर, वाटेपासून लांब लावा, म्हणजे पाणी बाहेर कमी उडतं. बिजागरीची दारं सैल होतात, सरकत्या दारांच्या खोबणीत घाण साचते. भाड्याच्या घरात हलणारे भाग जितके कमी तितकं बरं. काच ८ मिलिमीटरची, टफन केलेली, म्हणजे तापवून मजबूत केलेलीच हवी. ती एकदा टफन झाली की कापता येत नाही, म्हणून माप टाइल लागल्यावरच घ्यायचं. भिंत थोडी तिरकी निघाली तरी चालते, काच तशी बनवून मिळते.

नळांच्या बाबतीत माझं मत बऱ्याच सजावटकारांना पटत नाही. गरम-गार पाणी एकत्र करणारा मिक्सर भिंतीत लपवला की सुंदर दिसतो, पण त्याचा सांधा पाझरला तर पाणी भिंतीच्या आत उतरतं आणि कुणाला दिसत नाही. भिंतीबाहेर बसणारा मिक्सर गळला तर थेंब समोर दिसतो, आणि कोणताही प्लंबर पान्याने तो उघडून दुरुस्त करतो. भाड्याच्या घरात मी बाहेरचाच लावते. मोठा शॉवर घेण्याआधी सध्याच्या शॉवरखाली बादली ठेवून मिनिटाला किती लिटर पाणी येतं ते मोजा. गच्चीवरच्या टाकीतून पाणी येत असेल तर उंचीच्या दर मीटरमागे ०.१ बार एवढाच दाब मिळतो. वरच्या मजल्यावर मोठा शॉवर नुसता ठिबकत राहतो. पाणी ठरवलेल्या तापमानापुढे जाऊ न देणारा थर्मोस्टॅटचा मिक्सर परवडत असेल तर घ्या. साठवलेलं ६० अंशांचं पाणी त्वचेला काही सेकंदांत गंभीर भाजतं, आणि नवा भाडेकरू तुमच्या नळांना सरावलेला नसतो.

एक्झॉस्ट पंखा चालतो ना, तेवढं बघून घ्या. बुरशीची निम्मी तक्रार तिथे असते.

सगळं धरून दोन ते तीन आठवडे हातात ठेवा. त्यातला बराच काळ वाळण्यात आणि काचेची वाट बघण्यात जातो. बाथरूम एकच आहे, तेव्हा हे काम घर रिकामं असतानाच करा. नवे भाडेकरू आले की त्यांना स्वतः दाखवा : जाळी अशी उचलायची, पंखा अंघोळीनंतर थोडा वेळ चालू ठेवायचा, सिलिकॉनची पट्टी सुटलेली किंवा टाइल हललेली दिसली तर त्याच दिवशी फोन करायचा, आणि त्याचे पैसे त्यांच्याकडून घेतले जाणार नाहीत. हे शेवटचं वाक्य करारात लिहा. पैसे कापले जातील या भीतीने भाडेकरू गळती लपवतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

प्रश्न : आम्ही भाड्याच्या घरात राहतो. आईचे गुडघे दुखतात, टबाची कड ओलांडताना तिला धरावं लागतं. घरमालक म्हणतात, "तुमच्या खर्चाने टब काढा, माझी हरकत नाही." काढावा का? आईला आता फार वाट बघायला लावायची नाही. (एक वाचक)

उत्तर : तुमच्या आईंसाठी आजच्या आज करण्याजोगं आधी सांगते. टबाच्या आत-बाहेर पाय टाकणारं बसायचं बाक मिळतं. त्याचे दोन पाय टबात आणि दोन बाहेर असतात. आई बाहेर बसतील, सरकून आत जातील, पाय एकेक करून आत घेतील. कड ओलांडण्यासाठी उभं राहायची गरजच उरत नाही. सोबत लांब नळीचा हँड शॉवर आणि टबात रबरी चटई. भिंतीला स्क्रूने घट्ट बसवलेली आधाराची दांडी लावून घ्या. रबरी चकतीने चिकटणाऱ्या दांड्या मिळतात, पण त्यांच्यावर अंगाचा भार कधीही टाकू देऊ नका. साबणाच्या वाफेने त्या अचानक सुटतात. बाक आणि शॉवर घर सोडताना तुमच्यासोबत येतील.

घरमालकांची 'हरकत नाही' तोंडी आहे तोवर टबाला हात लावू नका. हे मी त्यांच्यावर अविश्वास म्हणून म्हणत नाही. उद्या घर विकलं गेलं किंवा व्यवहार त्यांची मुलं बघू लागली तर त्यांना ही बोलणी माहीत नसतात. कागदावर निदान एवढं हवं : टब काढायला संमती आहे, घर सोडताना तो परत बसवून द्यायचा नाही, काम झाल्यावर शॉवरमधल्या गळतीची जबाबदारी कुणाची, आणि तुम्हाला ठरावीक काळाआधी घर सोडायला सांगितलं तर खर्चाचा काही भाग परत मिळेल का. जमिनीत आणि भिंतीत बसवलेली वस्तू तुम्हाला उचलून नेता येत नाही, ती घराचीच होते. म्हणून पूर्ण खर्च तुम्ही करणं मला न्याय्य वाटत नाही. वरचं उत्तर त्यांना वाचायला द्या आणि निदान निचरा व वॉटरप्रूफिंग त्यांनी करावं असं सुचवून बघा. ते त्यांच्याच इमारतीचं रक्षण आहे.

ते तयार झाले नाहीत तर एक मधला मार्ग आहे. टबाच्या पुढच्या कडेचा मधला भाग कापून तिथे तयार टोपी बसवतात, त्यामुळे पाऊल टाकायची उंची बरीच खाली येते. टब जागेवरच राहतो, निचरा तोच राहतो, वॉटरप्रूफिंगला हात लागत नाही आणि काम लवकर उरकतं. टब पुन्हा भरता येत नाही, म्हणून याही कामाला लेखी संमती लागते. ॲक्रिलिकच्या टबाला हे चांगलं जमतं. कापलेल्या कडेची धार नीट मिटवली आहे ना, ते तुम्ही स्वतः हात फिरवून बघा. आईंचा पाय तिथूनच जाणार आहे.

प्रश्न : आमच्या वरच्या घरमालकाने टब काढून शॉवर केला आणि आमच्या छताला ओल आली. तो म्हणतो, नवीन काम आहे, गळणं शक्य नाही. पाइप तुमचाच असेल. भाडेकरू दार उघडतात, बोलतात, पण त्यांच्या हातात काही नाही. कसं शोधायचं? (एक त्रासलेला शेजारी)

उत्तर : वाद न घालता तिघांनी मिळून शोधा, क्रमाने गेलं तर बहुतेक वेळा सापडतं. डागाभोवती पेन्सिलने कड आखा आणि तारीख लिहा. आधी वरच्या बाथरूमचा वापर शक्य तितका वेळ, निदान एक दिवस, पूर्ण बंद ठेवायला सांगा, पण पाइपांतला पाणीपुरवठा बंद करू नका. डाग वाढतच राहिला तर दाबाखालच्या पाइपाचा संशय घ्या, कारण त्यात पाणी अहोरात्र उभं असतं. मग वरच्या घराचा मुख्य नळ बंद केला की वाढ थांबते का बघा.

वापर बंद असताना डाग सुकू लागला तर पाइप निर्दोष असण्याची शक्यता जास्त. पुढची पायरी : हँड शॉवरची नळी थेट जाळीत सोडून दहा-पंधरा मिनिटं पाणी जाऊ द्या, जमीन भिजू देऊ नका. छत ओलं झालं तर ट्रॅप किंवा त्याचा सांधा. नाही झालं, तर जाळीचं तोंड बंद करून शॉवरच्या जमिनीवर उंबऱ्याइतकं पाणी भरा आणि एक दिवस ठेवा. आता ओल आली तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग. तिथेही काही निघालं नाही, तर पाणी काढून टाका आणि हँड शॉवरने फक्त भिंतींवर, एकेका भिंतीवर, पाणी मारा. प्रत्येक चाचणीच्या मध्ये छत पुरतं सुकू द्या, नाहीतर आधीच्या पाण्याचा दोष नंतरच्या चाचणीवर येतो. पाण्यात खाण्याचा रंग घातलात तर वाट कुठली ते आणखी स्पष्ट होतं. मात्र फिकट ग्राउटला तो डाग पाडू शकतो, म्हणून आधी विचारून घ्या.

वरच्या घरमालकांना प्रत्येक चाचणीला बोलवा. ते येऊ शकत नसतील तर वेळ दिसेल असे फोटो त्यांना त्याच दिवशी पाठवा, आणि भाडेकरूंनाही त्यात घ्या, कारण पाणी कधी सोडलं हे त्यांनाच नेमकं माहीत असतं. छताचं प्लास्टर फुगलं असेल किंवा दिव्याच्या जवळ ओल असेल तर चाचण्यांच्या आधी त्या दिव्याचा वीजपुरवठा बंद करून घ्या. आणि दोष सापडून दुरुस्त झाल्यावर छताला लगेच रंग देऊ नका. स्लॅब आतून सुकायला काही आठवडे लागतात, तोवर पेन्सिलची कड तशीच राहू द्या.